सर्पप्रतिमेची मांडणी : प्रकाश, पार्श्वभूमी आणि नाशिकचे ‘कालियामर्दन’

१

सन १९१९ हे वर्ष महाराष्ट्रातील सर्पप्रतिमांच्या इतिहासात एका योगायोगामुळे लक्षणीय ठरते. त्या वर्षी नाशिक येथील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने दादासाहेब फाळके यांनी दिग्दर्शित केलेला ‘कालियामर्दन’ हा मूकपट प्रेक्षकांपुढे आणला. त्याच वर्षी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून क्रमशः प्रसिद्ध होत असलेली, फ्रँक वॉल यांची सामान्य भारतीय सर्पांवरील सचित्र लेखमाला पूर्ण झाली. वॉल हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. फाळके हे छायाचित्रण, मुद्रण व चित्रपट ह्या तिन्ही कलांतून गेलेले कारागीर. एकाचा सर्प कोऱ्या कागदावर पहुडलेला, तर दुसऱ्याचा यमुनेच्या डोहात उसळणारा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तथापि सर्प हा विषय प्रतिमेत बसविताना त्यामागे काय ठेवावे आणि त्यावर प्रकाश कोठून पाडावा, हा प्रश्न दोघांनाही सोडवावा लागला, आणि दोघांनी तो अगदी निरनिराळ्या रीतीने सोडविला.

हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. परदेशांत पाळीव सर्पांची छायाचित्रे घेणारे हौशी लोक दिव्यांची व पडद्यांची चर्चा मोठ्या आस्थेने करतात, तीही ह्याच दृष्टीने. प्रस्तुत लेखाचा हेतू असे दाखविण्याचा आहे की, धरलेल्या वा पाळलेल्या सर्पाच्या प्रतिमेतील प्रकाश आणि पार्श्वभूमी ही त्या प्रतिमेच्या खरेपणाची कसोटी होय. मांडणी करणे हा दोष नव्हे. कारण मांडणीवाचून सर्पाचे चित्र सहसा साधत नाही. केलेली मांडणी लपविणे हा दोष होय. आणि ह्या दोषाची किंमत कधी सर्पाला, तर कधी चित्र पाहून सर्प ओळखू पाहणाऱ्या मनुष्याला मोजावी लागते.

२

भारतीय सर्पांच्या शास्त्रीय चित्रणाची परंपरा छायाचित्रणाहून जुनी आहे. पॅट्रिक रसेल यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांविषयीचा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. घोणस ह्या सर्पाला इंग्रजीत आजही त्यांचेच नाव चिकटलेले आहे. त्यानंतर जोसेफ फेअरर यांचा भारतातील विषारी सर्पांवरील भव्य ग्रंथ १८७२ मध्ये लंडन येथे निघाला. त्यातील रंगीत चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतील भारतीय चित्रकारांच्या हातची होती. रसेल, फेअरर आणि वॉल हे तिघेही वैद्यकीचा व्यवसाय करणारे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांना सर्पाचे सौंदर्य दाखवावयाचे नव्हते; दंश करणारा सर्प कोणता, एवढे निश्चित करावयाचे होते.

ह्या हेतूमुळेच त्यांच्या चित्रांतील पार्श्वभूमी कोरी राहिली. पालापाचोळा, दगड, गवत ह्यांपैकी काहीही मागे आले की सर्पाच्या अंगावरील नक्षी त्यात विरून जाते. निसर्गात सर्पाचे संरक्षण होते ते ह्याच योगाने. कोऱ्या कागदावर मात्र त्याची प्रत्येक खूण उघडी पडते. प्रकाशाच्या बाबतीतही चित्रकाराला एक सवलत होती, जी छायाचित्रकाराला कधीच मिळाली नाही. गुळगुळीत खवल्यांवर पडणारी चकाकी त्याला हवी तेथे ठेवता येई, नको तेथे गाळता येई. अशा चित्रातील प्रकाश कोणत्याही एका सकाळचा वा संध्याकाळचा नसतो.

असे चित्र खरे म्हणावे काय? माझ्या मते होय. कारण ते आपण काय आहोत हे लपवीत नाही. कोऱ्या कागदावर सर्प राहत नाही, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या कोरेपणातच ‘हा सर्प त्याच्या स्थानातून उचलून येथे ठेवला आहे’ अशी कबुली आहे. मात्र तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. कागदावरील फुरसे आणि कागदावरील धामण ही शेजारशेजारच्या पानांवर एकाच लांबीची दिसू शकतात. प्रत्यक्षात पहिले बहुधा हात-दीड हातापलीकडे जात नाही, आणि दुसरी पुरुषाच्या उंचीहून लांब भरते. स्थान गेले की आकाराचे भानही जाते.

३

छायाचित्रणाचे आगमन झाल्यावर हे काम सोपे होईल अशी अपेक्षा होती. प्रारंभी तसे झाले नाही. १८५० नंतरच्या काही दशकांत वापरात असलेली कोलोडियनची ओली काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. मनुष्याला खुर्चीत बसवून मागून मानेला आधार देता येई. जिवंत सर्पाला अशी आज्ञा देता येत नाही. १८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटिनच्या काचा प्रचारात आल्या आणि १८८७ मध्ये मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत प्रकाश जर्मनीत सिद्ध झाला, तेव्हा कोठे हलत्या जीवाचे चित्र क्षणार्धात घेणे शक्य झाले.

दरम्यान पार्श्वभूमीच्या प्रश्नाने मुंबईत एक निराळेच वळण घेतले होते. तेथील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींवरील आपला छायाचित्रसंग्रह १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली असून त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रातून घेऊन जोडलेला आहे. वाचकाला ती माणसे त्या रस्त्यावर वा त्या देवळापुढे उभी असल्यासारखी वाटतात. हा संग्रह सर्पांविषयीचा नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, छायाचित्रातील पार्श्वभूमी ही पुरावा म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, हे आपल्या प्रांतातील फार जुन्या उदाहरणावरून त्यामुळे सिद्ध होते. कोऱ्या कागदाने जी कबुली दिली होती, ती जोडलेल्या देखाव्याने परत घेतली.

४

आता नाशिककडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि लोणावळ्याच्या परिसरात शिळाछापाच्या मुद्रणाशी ते निगडित राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना १९१८ ची.

त्या काळी आपल्याकडील चित्रीकरण मुख्यत्वे सूर्यप्रकाशावर चाले. उघड्या आवारात देखावा उभारावयाचा, ऊन फार प्रखर झाल्यास वर पांढरे कापड ताणून ते मऊ करावयाचे आणि सावलीच्या बाजूला पांढरे वा चकाकते फलक धरून उजेड परत फेकावयाचा, अशी ती पद्धत. फिल्मचीही अडचण होतीच. त्या वेळची सर्वसामान्य फिल्म निळ्या व हिरव्या रंगांना संवेदनशील असे, परंतु तांबडा रंग तिला जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे आकाश पांढरे आणि तांबूस वस्तू काळ्या उमटत. अशा साधनांनी पाण्यात वावरणारा सर्प दाखवावयाचा, म्हणजे गडद विषय गडद पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा उजेड योजावयाचा होता.

‘कालियामर्दन’मधील कालिया अर्थातच घडविलेला सर्प होता. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. डोहातील झुंज पाण्याखाली चाललेली दाखविलेली आहे आणि शेवटी कृष्ण फणेवर उभा राहून वर येतो. ह्या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने उपलब्ध असल्यामुळे आजही तो पाहता येतो, आणि त्यातील युक्ती आजच्या प्रेक्षकाला चटकन कळते. परंतु आपल्याला महत्त्वाची आहे ती चित्रपटाची सुरुवात. कथेला आरंभ होण्यापूर्वी ती लहान मुलगी आपल्या साध्या रूपात पडद्यावर येते. तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव जवळून दाखविले जातात. त्यानंतर ती कृष्णाच्या वेषात दिसते. म्हणजे ‘आता तुम्ही जो कृष्ण पाहणार, तो ही मुलगी आहे’ असे दिग्दर्शक प्रेक्षकाला आधीच सांगून मोकळा होतो. त्याच्या दोन वर्षे आधी, १९१७ मध्ये, चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक छोटा चित्रपटही फाळक्यांनी काढला होता आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

ह्यावरून असे म्हणता येते की, चमत्कार दाखविण्यात ज्याची हयात गेली, त्या कलावंताने चमत्काराची कृती प्रेक्षकापासून चोरून ठेवली नाही. प्रेक्षकांच्या भक्तिभावात त्यामुळे उणेपणा आल्याचे दिसत नाही. कोऱ्या कागदावरील वॉलचा सर्प आणि रंगविलेल्या डोहातील फाळक्यांचा कालिया ही दोन टोके ह्या एका बाबतीत जुळतात : दोन्ही ठिकाणी मांडणी आपणहून ओळख देते.

५

येथपर्यंतचा विचार जिवंत सर्पाच्या छायाचित्राला कसा लागू पडतो, हे पाहण्यासाठी थोडे तंत्राकडे वळणे अवश्य आहे. सर्पाचे खवले दोन प्रकारचे असतात. मण्यार, कवड्या, धामण ह्यांचे खवले बहुतांशी गुळगुळीत व चमकदार. घोणस, फुरसे, नानेटी ह्यांच्या खवल्यांवर मधोमध उंच कंगोरा. गुळगुळीत अंगावर समोरून प्रखर दिवा टाकला तर दिव्याचेच प्रतिबिंब उमटते आणि त्याखालील सर्व खुणा पुसल्या जातात. कापडातून वा पातळ कागदातून गाळलेला, रुंद पृष्ठभागावरून येणारा उजेड तेथे उपयोगी पडतो. कंगोरेदार खवल्यांवर मात्र असा सर्वत्र सारखा उजेड पडला तर कंगोरे सपाट दिसतात. त्यांना बाजूने, कमी उंचीवरून तिरपा उजेड हवा. लेण्यांतील शिल्पांची छायाचित्रे घेणाऱ्यांना हा नियम परिचित आहे. दगडातील उठाव तिरप्या उन्हातच डोळ्यांत भरतो.

ह्यात किती अर्थ भरलेला आहे, हे मण्यार आणि कवड्या ह्यांच्या जोडीवरून कळावे. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी. दोघेही रात्री हिंडणारे, दोघांच्याही गडद अंगावर फिकट आडवे पट्टे. भेद असा की, मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे स्पष्ट होत जातात, कवड्याचे मानेपाशीच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक ओळ असते, ती कवड्याला नसते. आता मण्यारीचे छायाचित्र काळ्या मखमलीवर घेतले तर चित्र देखणे येते, परंतु अंगाची कड पार्श्वभूमीत बुडते. पांढऱ्या कापडावर घेतले तर काळ्या अंगाच्या मानाने उजेड वाढवावा लागतो आणि पांढरे पट्टे फाकतात. समोरून दिवा टाकला तर पाठीवरची ती ओळ चकाकीखाली झाकते, म्हणजे ओळखीची मुख्य खूणच नाहीशी होते. मध्यम करड्या वा मातकट रंगाची, न चमकणारी पार्श्वभूमी, वरून किंचित बाजूला गाळलेला उजेड आणि शेजारी मोजपट्टी अशी रचना दिसावयास साधी, पण तीच ह्या सर्पाशी प्रामाणिक राहते.

मांडुळाचेही तसेच. बोथट शेपटीमुळे त्याला दोन तोंडे असतात असा समज आहे, आणि त्या अंधश्रद्धेपायी ह्या निरुपद्रवी प्राण्याची चोरटी विक्री होत आली आहे. डोके व शेपूट एकाच चौकटीत आणून, डोक्यावरील बारीक डोळा स्पष्ट दिसेल असा उजेड पाडला की समजाचा आधारच जातो. डोळा सावलीत ठेवला की तेच छायाचित्र समजाला दुजोरा देऊ लागते. दोन्ही चित्रांत सर्प तोच असतो.

ह्या भेदांची निकड किती, हे एका आकड्यावरून स्पष्ट होईल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ ह्या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दंश झालेल्याने सर्पाची ओळख पटविण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, हे खरेच. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांच्या विषांवर चालणारी लसही एकच आहे. परंतु दंशापूर्वीची ओळख ही वेगळी गोष्ट आहे. मण्यारीला कवड्या समजून हात घालणारा आणि कवड्याला मण्यार समजून ठेचणारा, हे दोघेही बहुधा कोठल्या तरी चित्रावरच विसंबलेले असतात.

६

राहिला प्रश्न सर्पाचा. सर्पाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आवरण असते, म्हणून प्रखर उजेड त्याला डोळे मिटून टाळता येत नाही. शरीराचे तापमान तो स्वतः राखीत नाही. दिव्याच्या तापाने तो तापतो आणि गार फरशीवर गारठतो. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, दृष्टी मंदावते आणि तो सहज बिथरतो. नागाची फणा ही जी आपल्याकडे सर्पाची मुख्य प्रतिमा, ती त्याची स्वाभाविक बैठक नव्हे. बिचकलेला नागच फणा उभारतो. गारुड्याच्या पुंगीपुढे डोलणाऱ्या नागाचे प्रत्येक छायाचित्र हे म्हणून एका त्रस्त, आणि पुष्कळदा दात काढलेल्या प्राण्याचे छायाचित्र होय. सर्पाला हालचाल करता येऊ नये म्हणून थंड पेटीत ठेवून मग शेवाळाच्या फांदीवर मांडण्याचा प्रकार तर सरळसरळ क्रौर्याचा आहे. त्यातून निघणारे चित्र ‘रानातील निवांत सर्प’ म्हणून मिरवते, हा त्यावरचा असत्याचा थर.

पाळीव सर्प ही कल्पना आपल्या देशात कायद्याने फार मर्यादित केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येत पकडण्याचाही समावेश आहे. त्यामुळे देशी वन्य सर्प धरून घरी ठेवणे हा हौसेचा विषय राहिलेला नाही. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत असलेल्या विदेशी जातींचे प्राणी बाळगणाऱ्यांवरही २०२२ च्या सुधारणेने नोंदणीचे बंधन आले. सर्पोद्याने व संशोधनसंस्था ह्या बंदिस्त सर्पाच्या छायाचित्रणाच्या योग्य जागा होत. तेथे काच आडवी येते. परंतु भिंगाच्या कडेला काळे कापड गुंडाळून ते काचेला टेकविले आणि दिवा बाजूने वा वरून ठेवला, तर प्रतिबिंबाचा त्रास बराच कमी होतो, आणि सर्पाला हात लावण्याचे कारणच उरत नाही. काचेमागील चित्र हे काचेमागील आहे असे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

७

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या सर्वांतून काय घेता येईल? संग्रहालयांत व कौटुंबिक अल्बमांत सर्पांची, गारुड्यांची, नागपंचमीची असंख्य छायाचित्रे आहेत. ती वाचताना आपली दृष्टी साहजिकच सर्पावर खिळते. वास्तविक आधी पाहावयाची ती सावली : ती किती दिशांना पडली आहे, मनुष्याची व सर्पाची सावली एकाच दिशेला आहे काय. मग पाहावयाची ती जमीन : सर्पाच्या भाराने गवत दबले आहे की नाही, मागील झाडी त्या प्रदेशातील आहे काय. नंतर सर्पाची बैठक : ती विश्रांतीची आहे की भयाची. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे चित्रातील प्राण्याविषयी जेवढे सांगतात, त्याहून अधिक ते चित्र घेणाऱ्याविषयी सांगतात.

आज जे छायाचित्रे घेत आहेत ते उद्याच्या अभ्यासकासाठी कागदपत्रेच निर्माण करीत आहेत. म्हणून प्रत्येक सर्पचित्रासोबत चार गोष्टींची नोंद असावी, असे सुचवावेसे वाटते : सर्प मोकळा होता की बंदिस्त, तो हलवून ठेवला होता काय, पार्श्वभूमी मूळची की आणलेली, आणि उजेड दिवसाचा की दिव्याचा. चार ओळींच्या ह्या नोंदीने चित्राची शोभा उणावत नाही. उलट तिच्या अभावी कितीही सुंदर चित्र पुरावा म्हणून लंगडे पडते.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज फाळक्यांचे स्मारक आहे. वर डोंगरात दगडावरचे ऊन दिवसभर सरकत असते, आणि त्याबरोबर एकच कोरीव आकृती सकाळी उठावदार, दुपारी सपाट व संध्याकाळी पुन्हा उठावदार दिसते. प्रकाश हा नेहमीच काही दाखवितो व काही झाकतो. त्यातून सुटका नाही. फाळक्यांनी आपल्या मुलीचा चेहरा आधी दाखवून मग तिला कालियाच्या फणेवर उभे केले. आपल्या छायाचित्रांनीही तेवढी ओळख आधी करून द्यावी, एवढीच ह्या विवेचनाची मागणी आहे.